निरोगी प्रौढांमध्ये हातवाऱ्यांची कार्यरत स्मृती कशी तपासायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही चाचणी नेमकं काय मोजते?

पडद्यावर एकामागून एक काही हातवारे दिसतात. ते थोडा वेळ डोक्यात धरून ठेवायचे आणि मग त्याच क्रमाने करून दाखवायचे किंवा ओळखायचे. हे जे धरून ठेवणं आहे ती कार्यरत स्मृती, म्हणजे वर्किंग मेमरी. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या रचनेत शब्दांसाठी एक साठा, दृश्य आणि जागा यांसाठी दुसरा, आणि दोघांवर देखरेख करणारी एक यंत्रणा होती. हातवारा या कप्प्यांत सरळ बसत नाही. तो दिसतो, म्हणून दृश्य. तो आपल्याला करता येतो, म्हणून हालचाल. आणि त्याला नाव देता येतं, म्हणून शब्द.

चाचणी बनवणाऱ्याचं निम्मं काम या तिसऱ्या वाटेला कुलूप लावण्याचं असतं. ते राहून गेलं तर शब्दांची स्मृती मोजली जाते आणि अहवालात नाव मात्र हातवाऱ्यांचं लागतं. पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच अडचण आहे.

कॉर्सीचे ठोकळे असताना वेगळी चाचणी कशाला?

कॉर्सीच्या चाचणीत नऊ ठोकळ्यांपैकी कुठल्या ठोकळ्यांना कोणत्या क्रमाने हात लावला ते लक्षात ठेवायचं असतं. तिथे जागा महत्त्वाची, हाताचा आकार नाही. स्मिथ आणि पेंडलटन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की हातांच्या ठेवणी लक्षात ठेवताना हात आवळत-सोडत राहिलं तर अडथळा येतो, आणि जागा लक्षात ठेवताना ठरावीक ठिकाणी टकटक करत राहिलं तर येतो. एकाचा अडथळा दुसऱ्याला फारसा लागत नाही. म्हणून कॉर्सीचे गुण हातवाऱ्यांच्या स्मृतीच्या जागी चालवून घेऊ नका. दोन्ही चाचण्या घ्या आणि त्यांचा परस्परसंबंध पाहा, ते जास्त उपयोगाचं आहे.

मूठ, कड, तळहात ही लुरियाची चाचणी वापरली तर चालेल का?

नाही. तिथे तीनच कृतींचा एक क्रम पुन्हा पुन्हा करायचा असतो. कस लागतो तो हालचालींची साखळी सुरळीत चालवण्याचा. १९८३ च्या कॉफमन चाचणीसंचातल्या ‘हँड मूव्हमेंट्स’ उपचाचणीत क्रम वाढत जातो खरा, पण ती मुलांसाठी आहे आणि तिच्यातही मूठ, तळहात आणि कड हे तीनच प्रकार आहेत. निरोगी प्रौढ माणूस तिसऱ्या फेरीपर्यंत मनात ‘मूठ-कड-कड-तळ’ असं म्हणू लागतो. कुलूप तिथेच तुटलं.

हातवारे कसे निवडायचे?

अंगठा वर, ‘थांब’ म्हणणारा तळहात, टाटा, पिस्तूल, मोजणीची बोटं हे सगळे बाद. ज्यांना ठरलेला अर्थ आहे त्यांना नाव असतंच. हवेत चित्र काढणारे हातवारेही बाद, कारण गोल फिरवला की ‘चाक’ सुचतं. उरतात ते निरर्थक हातवारे. उदाहरणार्थ: अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर, बाकी बोटं ताठ, तळहात जमिनीकडे, आणि मनगट एकदा बाहेरच्या बाजूला वळतं. हे एका शब्दात सांगून बघा.

हातवाऱ्याचे चार घटक धरून संच बांधा: बोटांचा आकार, तळहाताची दिशा, शरीराजवळची जागा आणि हालचाल. स्टोकी यांनी १९६० मध्ये खुणांच्या भाषेचं विश्लेषण आकार, जागा आणि हालचाल अशा तीन घटकांत केलं. दिशा नंतर जोडली गेली. हे कोष्टक हाताशी असलं की संच एकाच घटकावर तर अवलंबून नाही ना, हे लगेच दिसतं. वीस हातवारे वीस वेगवेगळ्या जागी केले असतील, तर सहभागी आकाराकडे बघणारच नाही. जागा लक्षात ठेवून मोकळा होईल, आणि आपण फिरून कॉर्सीकडे आलो. जागा तीन-चारच ठेवा (छातीसमोर, खांद्याजवळ, कमरेच्या उंचीवर) आणि प्रत्येक जागी पाच-सहा हातवारे येऊ द्या.

सुरुवातीला ४० तयार करा, हाती २० लागतील. गाळण्यासाठी मुख्य अभ्यासात नसलेली १२ ते १५ माणसं घ्या आणि दोन कामं द्या. पहिलं: प्रत्येक क्लिप पाहून ५ सेकंदांत सुचेल तो एक शब्द लिहायचा. एक-तृतीयांश लोकांनी तोच शब्द लिहिला तर तो हातवारा काढून टाका. दुसरं: दोन क्लिप पाठोपाठ पाहून ‘तोच की वेगळा’ सांगायचं. ज्या जोड्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी वेळा बरोबर ओळखल्या गेल्या, त्यांतला एक हातवारा काढा. हे उंबरठे आमचे आहेत. थोडे सैल केलेत तरी चालतील, मात्र विदा (डेटा) गोळा होण्याआधी ठरवा.

क्लिप चित्रित करताना काय बिघडतं?

बहुतेक वेळा सुरुवात आणि शेवट. हातवाऱ्याला तीन टप्पे असतात: हात विश्रांतीतून वर येतो, मुख्य कृती होते, हात परत जातो. वर येण्याचा वेग किंवा वाट प्रत्येक क्लिपमध्ये वेगळी असेल, तर सहभागी मुख्य कृती सुरू होण्याआधीच क्लिप ओळखतो. प्रत्येक क्लिप त्याच विश्रांतीच्या स्थितीत सुरू आणि बंद झाली पाहिजे. टेबलावर काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवा, हात दर वेळी त्यावर परतू दे. मेट्रोनोमवर हातवारा करून घेतला की काळही सारखा राहतो. एकूण लांबी १.५ सेकंद ठीक: वर येणं ०.४, मुख्य कृती ०.७, परत जाणं ०.४.

मागे एकरंगी करडा पडदा, अंगात लांब बाह्यांचा गडद शर्ट, हातात अंगठी, घड्याळ, नेलपॉलिश, दोरा काही नको. चेहरा चौकटीबाहेर ठेवा, कारण दाखवणाऱ्याचे ओठ आणि नजर बरंच काही सांगून जातात. चौकट छातीपासून कमरेखालपर्यंत. सगळ्या क्लिप एकाच बैठकीत घ्या. उद्या उजेड बदलेल आणि शर्टाला वेगळ्या चुण्या पडतील.

कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) ठेवा. चाचणीचा पडदा ६० हर्ट्झचा असेल तर प्रत्येक चौकट बरोबर दोनदा दिसते. २५ चौकटींची क्लिप त्याच पडद्यावर २, २, ३, २, ३ अशी अडखळत चालते आणि बोटांची जलद हालचाल तुटक दिसते. शटर १/१०० सेकंद ठेवलं तर ५० हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्यांची लुकलुक येत नाही. ६० हर्ट्झची वीज असेल तिथे १/१२०. आवाजाचा ट्रॅक काढून टाका. कपड्याची सळसळसुद्धा खूण ठरते.

हालणाऱ्या क्लिपऐवजी फोटो चालतील?

हाताची ठेवण तपासायची असेल तर चालतील, पण मग अहवालात ‘हातवारे’ लिहू नका, ‘हाताच्या ठेवणी’ लिहा.

दाखवणारा समोर असावा की खांद्यावरून दिसावा?

करून दाखवायचं असेल तेव्हा हा प्रश्न फार त्रास देतो. समोरच्या माणसाने उजवा हात हलवला की बरेच जण डावा हलवतात, आरशासारखा. काही जण नियम पाळून उजवा हलवतात. काही फेरीगणिक बदलतात. मग आतली-बाहेरची दिशा उलटते आणि गुण देणारा गोंधळतो. दोन उपाय आहेत. एक, कॅमेरा दाखवणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवायचा, म्हणजे सहभागीला हात स्वतःचा असल्यासारखा दिसतो. दोन, समोरून घेतलेली क्लिप आडवी उलटवायची आणि ‘आरशात बघितल्यासारखं करा’ असं स्पष्ट सांगायचं. आमचा कल दुसऱ्याकडे आहे, कारण खांद्यावरून घेतलेल्या चित्रात अंगठा बऱ्याचदा हाताआड जातो. डावखुऱ्या सहभागींसाठी क्लिप उलटवू नका. तोच संच द्या आणि त्यांची नोंद वेगळी ठेवा. कोणता हात प्रबळ आहे ते तोंडी विचारण्याऐवजी ओल्डफील्डच्या १९७१ च्या एडिनबरा प्रश्नावलीने ठरवा.

करून दाखवायला सांगावं की ओळखायला?

करून दाखवणं जास्त खरं, गुण देणं जास्त कठीण. ओळखणं मोजायला सोपं, पण त्यात ‘ओळखीचं वाटतंय’ एवढ्यावरही निभावतं. वू आणि कूल्सन यांच्या २०१४ च्या मूव्हमेंट स्पॅन चाचणीत निरर्थक हालचाली करून दाखवायच्या असतात. वुड यांचं २००७ चं काम ओळखण्याच्या पद्धतीचं आहे. त्यात एका वेळी दोन ते तीन कृती धरता येतात असं निघालं. वेळ असेल तर दोन्ही घ्या, वेगवेगळ्या दिवशी, आणि निम्म्या लोकांसाठी क्रम उलटा ठेवा.

करून दाखवण्याची फेरी कशी चालते?

आधी नक्कल-तपासणी. प्रत्येक हातवारा पडद्यावर चालू असतानाच सहभागीने तो करायचा. इथे स्मृतीचा काही संबंध नाही. इथेच चुकला तर तो हातवारा त्याला दिसला नाही किंवा बोटांना जमत नाही. २० पैकी २ पेक्षा जास्त हातवाऱ्यांची नक्कल दोन प्रयत्नांतही जमली नाही, तर त्या व्यक्तीचे पुढचे गुण स्मृतीचे म्हणून वाचू नका. ही पाच मिनिटं वाचवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो आणि नंतर निकालाचा अर्थच लागत नाही.

मग सरावाच्या दोन फेऱ्या, संचाबाहेरच्या हातवाऱ्यांवर. मुख्य भागात दोन हातवाऱ्यांपासून सुरुवात करून सहापर्यंत जा, प्रत्येक लांबीच्या तीन फेऱ्या. दोन क्लिपमध्ये ०.२५ सेकंद मोकळा करडा पडदा. शेवटच्या क्लिपनंतर २ सेकंद थांबायचं, या वेळात दोन्ही तळहात टेबलावर. मग ‘टिक’ वाजतो आणि सहभागी पहिल्यापासून क्रमाने करून दाखवतो. एखादा आठवला नाही तर त्या जागी तळहात टेबलावर एकदा टेकवायचा. ही रिकाम्या जागेची खूण ठरलेली नसेल, तर ‘तिसरा विसरला आणि चौथा केला’ की ‘तिसरा चुकला आणि थांबला’, हे व्हिडिओवरून कळत नाही.

एका फेरीत एकच हातवारा दोनदा नको. आधीच्या फेरीचा शेवटचा हातवारा पुढच्या फेरीत पहिला नको. दोन हातवाऱ्यांची तीच जोडी त्याच क्रमाने पुन्हा येऊ देऊ नका, सहभागी ती जोडी एकसंध म्हणून शिकतो.

एका लांबीच्या तिन्ही फेऱ्या चुकल्या तर थांबावं का? फक्त स्पॅन, म्हणजे न चुकता धरता येणाऱ्या क्रमाची लांबी, हवा असेल तर थांबा. आंशिक गुण घेणार असाल तर सगळ्यांना सगळ्या फेऱ्या द्या. लवकर थांबलेल्या माणसाकडे लांब फेऱ्यांचे गुणच नसतात.

गुण कसे द्यायचे? एक उदाहरण हवं.

दाखवलेला क्रम: ३, ११, ७, १६. सहभागीने केलं: ३, ७, ११, १६, आणि १६ मध्ये बोटं जुळलेली हवी होती ती फाकलेली होती.

सगळं-किंवा-काही-नाही पद्धतीत शून्य. जागेनुसार आंशिक पद्धतीत ३ आणि १६ आपापल्या जागी, म्हणजे १६ धरला तर ४ पैकी २, नाहीतर १. क्रम सोडून नुसते हातवारे मोजले तर ४ किंवा ३. एकाच उत्तराला शून्यापासून ४ पर्यंत काहीही मिळू शकतं, म्हणून पद्धत आधी लिहून ठेवायची. आमची शिफारस जागेनुसार आंशिक गुणांची. शून्य-एकच्या पद्धतीत माणसामाणसातला बारीक फरक पुसला जातो. क्रम सोडून मोजलेला आकडाही बाजूला नोंदवा, त्यावरून चूक क्रमाची की हातवाऱ्याची ते समजतं.

१६ चं काय? चार घटकांपैकी तीन बरोबर असतील आणि उत्तर संचातल्या दुसऱ्या कुठल्याच हातवाऱ्याशी जुळत नसेल, तर ग्राह्य धरा. फाकलेल्या बोटांमुळे ते संचातल्या १४ व्यासारखं झालं असेल, तर तो १४ वाच आहे, म्हणजे चूक.

गुण देणाऱ्याला अपेक्षित क्रम दाखवू नका. त्याने नुसता व्हिडिओ पाहून ‘मला ३, ७, ११, १६ दिसले’ असं लिहायचं. तुलना संगणक करेल. उत्तर माहीत असलेला माणूस अर्धवट हातवारा उदारपणे वाचतो, मुद्दाम नव्हे, आपोआप. किमान २० टक्के व्हिडिओ दुसऱ्या व्यक्तीनेही स्वतंत्रपणे वाचायचे. कोहेनचा कॅपा (दोघांच्या वाचनातलं एकमत मोजणारा आकडा) ०.८० च्या खाली असेल तर नियम पुन्हा लिहा आणि सगळं पुन्हा वाचा. मतभेद बसून मिटवले म्हणजे नियम सुधारत नाही.

ओळखण्याच्या चाचणीचा आराखडा काय असतो?

०.५ सेकंद नजर रोखण्यासाठी पडद्याच्या मध्यावर एक बिंदू, मग ४ क्लिप (प्रत्येकी १.५ सेकंद, मध्ये ०.२५ सेकंद), २ सेकंद धरून ठेवणं, मग एक क्लिप: ‘ही आत्ता होती का?’ ही क्लिप धरून उत्तरासाठी ३ सेकंद. एक फेरी १२ सेकंदांच्या थोडी वर जाते. ८० फेऱ्यांना साधारण १६ मिनिटं आणि मध्ये एक विश्रांती. निम्म्या फेऱ्यांत उत्तर ‘हो’. ‘हो’च्या फेऱ्यांत चारही जागांवरचे हातवारे सारख्या वेळा विचारा, कारण शेवटचा हातवारा बहुतेकांना आठवतोच आणि तोच जास्त वेळा आला तर क्षमता फुगते.

धरून ठेवण्याचा काळ १ सेकंदाच्या खाली नको. स्पर्लिंग यांच्या १९६० च्या प्रयोगांपासून माहीत आहे की डोळ्यांसमोरची प्रतिमा क्षणभर तशीच रेंगाळते. ती मोजली तर स्मृती मोजली असं होत नाही.

आलेल्या उत्तरांचं गणित कसं करायचं?

समजा ४ हातवाऱ्यांवर ‘हो’च्या फेऱ्यांत ८५ टक्के वेळा ‘हो’ आलं आणि ‘नाही’च्या फेऱ्यांत २० टक्के वेळा चुकून ‘हो’ आलं. कोवनच्या सूत्राने क्षमता = ४ × (०.८५ − ०.२०) = २.६ हातवारे. संवेदनशीलतेचं माप, डी-प्राइम (दाखवलेला आणि न दाखवलेला हातवारा किती नीट वेगळे ओळखले ते), साधारण १.८८ येतं. क्षमतेचा आकडा दाखवलेल्या संख्येच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे फक्त २ हातवाऱ्यांच्या फेऱ्यांवरून तो काढू नका. ४ आणि ६ ठेवा.

कुणी ४० पैकी ४० वेळा बरोबर ‘हो’ म्हणालं आणि एकदाही चुकून म्हणालं नाही, तर डी-प्राइम अनंत येतो. दोन्ही बाजूंच्या ‘हो’मध्ये ०.५ आणि फेऱ्यांच्या संख्येत १ मिळवा: ४०.५/४१ आणि ०.५/४१. मग डी-प्राइम ४.५ च्या आसपास येतो. ही दुरुस्ती फक्त अडलेल्या माणसांना नव्हे, सगळ्यांना लावा.

सहभागी मनात नावं देतच राहिले तर?

देतातच. म्हणून पहिल्या क्लिपपासून उत्तराच्या ‘टिक’पर्यंत त्यांना ‘ता-ता-ता’ म्हणायला लावा, सेकंदाला दोनदा, ऐकू येईल इतक्या आवाजात. अंक म्हणायला लावू नका, त्यांनी क्रमाशी गल्लत होते. आवाज रेकॉर्ड करा. कठीण फेरीत लोक नकळत गप्प होतात, आणि नेमक्या त्याच फेऱ्यांत शब्दांची वाट उघडते. दोन सेकंदांहून जास्त खंड पडलेल्या फेऱ्या वेगळ्या काढा.

आणखी एक उपाय: काही फेऱ्या ‘ता-ता’सह, काही त्याशिवाय. फरक जितका मोठा, तितका तुमचा संच शब्दांवर टेकलेला. शेवटी ‘कसं लक्षात ठेवलंत?’ हे मोकळेपणाने विचारा. ‘एकाला कोंबडा म्हटलं, एकाला चिमटा’ अशी उत्तरं आली की कोणता हातवारा बदलायचा ते आपोआप समजतं.

थांबण्याच्या वेळात बोटं हलतात. थांबवावीत का?

हो, आणि म्हणूनच तळहात टेबलावर. बोटं हलवणं ही स्नायूंनी केलेली उजळणी आहे. मुद्दाम तिचा अभ्यास करायचा असेल तर एका गटाला हलवू द्या, दुसऱ्याला नाही.

कुणाला घ्यायचं, कुणाला नाही?

नजर सामान्य किंवा चष्म्याने सुधारलेली, हाताला अलीकडची दुखापत नाही, बोटांचा संधिवात नाही, मेंदूविकार किंवा झोपेची औषधं नाहीत. वयाचा पट्टा अरुंद ठेवा किंवा गटांत भागा, कारण वयाबरोबर कार्यरत स्मृती उतरते. खुणांची भाषा येणारे, हस्तमुद्रांचं नृत्य शिकलेले आणि वर्षानुवर्षं वाद्य वाजवणारे वेगळे नोंदवा. त्यांच्यासाठी तुमचा ‘निरर्थक’ हातवारा निरर्थक नसू शकतो. खुणा वापरणाऱ्यांच्या बाबतीत थेट तुलना आणखी जपून करा: बूतला आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्यांचा खुणांचा स्पॅन ५ च्या आसपास असल्याचं दाखवलं, पण त्या खुणा भाषेतल्या, आधीच ओळखीच्या होत्या.

ऑनलाइन घेता येईल?

ओळखण्याची चाचणी येईल. मोबाइल बंद, पूर्ण पडदा सक्तीचा, आणि सगळ्या क्लिप सुरुवातीलाच उतरवून घ्यायच्या. चालू फेरीत क्लिप अडकली तर ती फेरी बाद. प्रयोगशाळेत ६० सेंटिमीटरवरून १०.५ सेंटिमीटर रुंद क्लिप दृष्टीच्या १० अंशांइतकी भरते. घरी हे कळायला मार्ग नाही, म्हणून बँक कार्डाच्या रुंदीशी जुळवून पडद्याचं माप घेतात.

करून दाखवण्याची चाचणी वेबकॅमवर शक्य आहे, पण अंधुक उजेडात करंगळी आणि अनामिका वेगळ्या दिसत नाहीत. चाचणीआधी पाच बोटं फाकवून दाखवायला सांगा. ती मोजता आली नाहीत तर पुढे जाऊ नका.

हातांच्या व्हिडिओला वेगळी संमती लागते का?

लागते. चेहरा नसला तरी गोंदण, व्रण, बांगडी यांवरून माणूस ओळखू येतो. संमतीपत्रात व्हिडिओ कोण पाहणार, किती काळ ठेवणार आणि कधी पुसणार हे लिहा. आवाजाची फाइल वेगळी साठवा.

गुण कमी आले म्हणजे स्मृती कमजोर आहे का?

एका माणसाच्या एका चाचणीवरून असं म्हणता येत नाही. सम आणि विषम फेऱ्या वेगळ्या काढून त्यांचा परस्परसंबंध बघा आणि स्पिअरमन-ब्राउनची दुरुस्ती (अर्ध्या चाचणीवरून पूर्ण चाचणीची विश्वासार्हता काढणारं सूत्र) लावा; विश्वासार्हता ०.७० च्या खाली असेल तर माणसामाणसाची तुलनाही सोडून द्या, गटांची सरासरी तेवढी वापरा. दुसऱ्यांदा चाचणी घेणार असाल तर संच बदला. तेच २० हातवारे महिन्याने पुन्हा दाखवले, तर त्यांना एव्हाना नावं पडलेली असतात.